उतारावरचं बोलणं

१४ एप्रिल

वन्सं, नमस्कार.

हे अक्षर तुमच्या ओळखीचं नाही. मी तुमची भावजय. लग्नाला एकवीस वर्षं झाली आणि आपण अजून एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, तरी हाक मारायला काहीतरी हवं म्हणून वन्सं म्हणते. आवडलं नाही तर सांगा, पण ते सांगायला तरी उत्तर लिहा. दर वर्षी तुमचं कार्ड येतं, दोन ओळींचं. मी बरी आहे, तुम्ही बरे असाल. हे ते वाचतात, खिशात घालतात आणि दिवसभर कुणाशी धड बोलत नाहीत. पत्ता मी त्याच कार्डावरून घेतला. तुमचा फोन नंबर यांना विचारायची सोय नव्हती, कारण मी लिहितेय हे यांना ठाऊक नाही. 'ताईला काही कळवायचं नाही' अशी तंबी आहे मला. एरवी मी यांचं सगळं ऐकते. (हे वाक्य यांच्यासमोर म्हटलं असतं तर पूर्वी खो खो हसले असते.)

इकडे सगळं ठीक. वेलींना पालवी फुटलीय, कालव्याकडच्या मळ्यांत तर एकदम पोपटी. सायकलवाले पाहुणे यायला लागले, वरच्या तिन्ही खोल्या भरलेल्या असतात. सकाळी चहा-नाश्ता करून मंडळी निघाली की मी त्यांचं सामान गाडीत भरते आणि पुढच्या मुक्कामी नेऊन टाकते. वाट दाखवायला यंदा नवी मुलगी ठेवलीय. चुणचुणीत आहे, गळ्यात शिट्टी अडकवून फिरते म्हणून आम्ही तिला शिट्टीच म्हणतो. यांनी यंदा जरा विश्रांती घेतलीय.

हे शेवटचं वाक्य मी लिहिलं, परत वाचलं आणि माझं मलाच हसू आलं. विश्रांती कसली, कप्पाळ! वन्सं, तुमच्या भावाचे डोळे गेले.

काचबिंदू. दोन-तीन वर्षं कडेचं दिसेनासं होत होतं. समोरचं तेवढं दिसायचं, म्हणून पठ्ठ्यानं कुणाला पत्ता लागू दिला नाही. गेल्या हंगामात आठ पाहुणे मागं घेऊन चालले होते, डावीकडून छाटणीवाल्याची हातगाडी आली ती दिसलीच नाही. हे आदळले, यांच्यावर पाठचे तिघं आदळले. कुणाला फार लागलं नाही, पण डॉक्टरकडे जावंच लागलं, आणि तिथं सगळं बाहेर आलं. आता यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

मी रडून घेतलंय, तुम्ही काळजी करू नका. माझं दुखणं वेगळंच आहे. हे दिवसभर खालच्या शेडमध्ये बसतात आणि साखळ्या पुसतात. पुसलेली साखळी परत पुसतात. बोलायला गेलं की 'हं' म्हणतात. हंगाम संपला की सायकली विकायच्या, घर बंद करायचं, असं जाहीर करून मोकळे झालेत. शिट्टीला सांगून टाकलं, दुसरीकडे काम बघ. हे सायकलवर बसायचे थांबले ना, तर या माणसाचं काही खरं नाही. मी एकवीस वर्षं बघतेय यांना.

शेडच्या भिंतीला तुमची ती दोन सीटांची सायकल टांगलेली आहे अजून. लांबोडी. मी म्हटलं, मी पुढं बसते, तुम्ही मागं बसा, पायडल मारायला डोळे कशाला लागतात? तर म्हणाले, 'मागची सीट ताईची आहे.' आणि साखळी पुसायला लागले.

म्हणून लिहितेय. तुम्ही इतकी वर्षं त्या सीटवर बसलात. तिथं बसून माणूस करतो काय? हातात ब्रेक नाही, हँडल वळत नाही, समोर दिसते ती दुसऱ्याची पाठ. कसं जमायचं तुम्हाला? एवढं सांगा, म्हणजे मला यांना पटवता येईल.

तुमची भावजय


२९ मे

वन्सं,

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टाचा घोळ झाला असेल असं मी माझ्या मनाला सांगितलंय, तुम्ही ते खोटं पाडू नका.

बातमी अशी की हे बसले! कसे बसले ते ऐका. मी एकटीच लांबोडी खाली काढली आणि अंगणात शिकायला लागले. पहिल्या दिवशी भिंतीवर, दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींमध्ये. माझी उंची तुम्हाला माहीत नाही. लग्नाच्या फोटोत मी यांच्या खिशाला लागते. पाय टेकेपर्यंत देवच आठवतो. हे शेडच्या दारात बसून नुसते आवाज ऐकत होते. तिसऱ्या दिवशी मी धाडकन पडले आणि तोंडातून जे काही बाहेर पडलं ते ऐकून उठले, चाचपडत आले, हँडल धरलं नि म्हणाले, 'आधी उजवं पायडल वर घे. आणि मागच्यानं 'बसलो' म्हटल्याशिवाय चाक हलवायचं नाही. काय वाट्टेल ते झालं तरी हलवायचं नाही. कळलं?' हे बोलताना इतके चिडले होते की मी घाबरलेच. एवढं काय त्यात, असं वाटून गेलं. पण तेवढ्यात मागची सीट दबली आणि मागून आवाज आला, 'बसलो.'

आता आम्ही रोज जातो. सपाटीलाच, कालव्याच्या कडेनं, मळ्यांच्या मधून वेशीच्या गावापर्यंत. नियम यांचा असा की पुढच्यानं सगळं बोलून सांगायचं. खड्डा आला, वळण आलं, गिअर बदलतेय, ब्रेक लावतेय, कुत्रं आडवं आलंय. बोलायचं काम म्हटल्यावर मला काय, पर्वणीच! मी खड्ड्याबरोबर बाकीचंही सांगते. कुठल्या मळ्यात तारा ताणताहेत, कुणाच्या दारात नवी पिंपं उतरवताहेत, वेशीच्या कमानीवरच्या दगडी सिंहाचं नाक कसं झिजलंय. इतकी वर्षं मी तिथून सामानाची गाडी घेऊन गेलेय, पण तो सिंह आहे हेच मला माहीत नव्हतं. मी मांजर समजत होते.

हे मागून पायडल मारतात, बोलत नाहीत. एकदाच बोलले. वायनरीवरून जात होतो, तळघराची दारं उघडी होती, आतून तो ओलसर आंबूस वास आला. तर म्हणाले, 'इथं ताई नेहमी नाक दाबायची. द्राक्षांच्या गावात जन्मून वाइनचा वास सहन व्हायचा नाही तिला.'

एवढंच, पण तुमचं नाव निघालं. मी मान मागं वळवली आणि आम्ही दोघंही वेलींमध्ये जाऊन पडलो, ते जाऊ द्या.

विकायचं मात्र डोक्यातून गेलेलं नाही. परवा एक दुकानदार येऊन सायकली बघून गेला. मी विचारलं, आपण रोज जातोय ना आता? तर म्हणाले, 'कालव्यावर फिरणं म्हणजे सायकल चालवणं नव्हे. टेकडीवरच्या गावात गेल्याशिवाय मी कुणाला या भागातला वाटाड्या म्हणत नाही, मला स्वतःलाही नाही.' वन्सं, ती टेकडी मला सात जन्मांत चढता यायची नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी लागते तिथं. आणि उताराचं तर नावच नको. मी म्हटलं, शिट्टीला पुढं बसवू. तर म्हणाले, त्या उतारावर कुणावर भरवसा ठेवायचा म्हटलं तर एकच माणूस होतं.

तुम्ही ड्रायव्हिंग शिकवता असं एका कार्डावर लिहिलं होतंत. परक्यांच्या पोरांना रोज ब्रेक कसा मारायचा ते शिकवता. बघा बुवा, मी काही म्हणत नाही.

तुमची भावजय


२० जुलै

वन्सं,

आज जे घडलं ते सांगायला मला दुसरं माणूस नाही. आणि ते तुमचंच आहे, म्हणून तुम्हालाच सांगते. बसून वाचा.

आम्ही वेशीच्या गावात गेलो होतो. विहिरीपाशी थांबलो, पाणी प्यायलो. निघायची वेळ झाली. तिथं थोडा उतार आहे, खाली दगडी फरशी, म्हणून मी आधी नीट सावरून बसले. हे मागं सीट धरून उभे होते. आणि माझं बोलणं चालू होतं. काय बोलत होते सांगू? तीन महिने मनात साठलेलं ते एकदाचं बाहेर पडत होतं. समोर बघत होते, यांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून हिंमत झाली. मी म्हणत होते, 'रागवायचं तर रागवा, पण मी तुमच्या ताईंना पत्रं लिहिते. मला एकटीला हे झेपत नाही. तुम्ही शेडमध्ये बसून राहिलात तर मीही संपेन, मला दुसरं काही येत नाही.' तेवढ्यात मागची सीट दबली. मला वाटलं बसले. 'बसलो' ऐकायला थांबले असते तर हिंमत संपली असती, म्हणून निघाले. उतार होता, पायडल मारायची गरज नव्हती. मी बोलतेय, बोलतेय. कमानीतून बाहेर, मळ्यांच्या मधून, थेट वायनरीपर्यंत. मागून चकार शब्द नाही. वाटलं, रागावले.

वायनरीच्या फाटकात एक ट्रॅक्टरवाला उभा होता. तो ओरडला, 'बाई, मागचा गडी कुठंय?'

मी मागं बघितलं. सीट रिकामी! यांनी बसायच्या आधी तिच्यावर नुसता भार दिला होता, सैल झालीय का बघायला. डोळ्यांनी दिसत नाही त्या माणसाला मी भर चौकात सोडून आले होते. सायकल ढकलत, रडत, ठेचकाळत मी वर पळत गेले. नाही नाही ते मनात आलं. विहिरीला कठडा केवढासा आहे तो.

तर हे विहिरीच्या कठड्यावर बसून हसत होते. हसत म्हणजे कसे? पोट धरून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बाजूला दोन बाया उभ्या होत्या, त्याही हसत होत्या. माझ्या रडण्याचा आवाज ऐकून तर यांना आणखीच उकळी फुटली. गेल्या हंगामापासून पहिल्यांदा. मला आधी राग आला, मग मीही हसायला लागले, आणि दोघंही लहान पोरांसारखे तिथं बसून राहिलो.

हसणं ओसरल्यावर यांनी विचारलं, 'एवढा वेळ काय बोलत होतीस गं त्या सीटशी?' वन्सं, पहिल्यांदा बोलताना जे सोपं गेलं ते दुसऱ्यांदा बोलताना जीव गेला. पण बोलले. सगळं परत बोलले, पत्रांचं, झेपत नाही त्याचं, सगळं. यांच्या तोंडाकडे बघत बोलले.

मला वाटलं, आता तोफ सुटणार. तर म्हणाले, 'तू दुसऱ्यांदा बोललीस. मला नाही जमलं.' आणि मग यांनी तुमचं सांगितलं.

मला आजवर एवढंच माहीत होतं की नोकरीवरून भांडण झालं आणि तुम्ही निघून गेलात. ते खरंच आहे. सकाळी तुम्ही सांगितलंत की लांबच्या शहरात नोकरी धरलीय, आणि हे पाहुण्यांसमोर म्हणाले, 'जा की, तुझ्यावाचून काही अडत नाही.' मग दिवसभर तुमचा दोघांचा अबोला. एकाच सायकलवर बसून अबोला, धन्य आहे तुमच्या खानदानाची! एरवी तुम्ही 'बसले' म्हणायचात, त्या दिवशी तेही बंद. हे सीट दबली की निघायचे. टेकडीवरच्या गावात नळापाशी थांबलात, सीट दबली, हे निघाले. आणि त्या सबंध उतारावर हे तुमच्याशी बोलत होते, वन्सं. समोर बघत, जोरात, वाऱ्यात. सकाळी तोंडातून गेलं ते चुकून गेलं, हे आणि बरंच काही. आयुष्यात कुणाशी तसं बोलले नव्हते. मागून उत्तर येईना, तर म्हणाले, 'ताई, बोल ना काहीतरी.' खाली पुलापाशी पाय टेकला तेव्हा लांबोडी हलकी लागली.

ती जड सायकल ढकलत हे एकटे परत वर गेले. तोवर तुम्ही द्राक्षांच्या ट्रकमध्ये बसून स्टेशनकडे निघून गेला होतात. मग आठवड्यानं तुमची चिठ्ठी आली: 'सोडून गेलास ते बरं केलंस, मला ठरवायला सोपं गेलं.' तेव्हापासून यांच्या मनात एकच. मी मुद्दाम सोडून गेलो असं ताईला वाटूच कसं शकतं? वाटत असेल तर वाटू दे. आणि एकदा सगळं बोलून झालं होतं, परत बोलायला तोंड उघडेना.

मी विचारलं, 'उतारावर आणखी काय काय बोललात?' म्हणाले, 'ते ताईचं आहे. तुला कसं सांगू?' मी एकवीस वर्षांची बायको, आणि मला नाही सांगत! पण मला त्याचा राग आला नाही. तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

एक मात्र मला विचारायचंच आहे. यांची शपथ आहे की सीट दबली होती. म्हणजे तुम्ही बसला होतात. मग उतरलात का? आणि उतरताना तोंडातून एक शब्द काढला असतात तर काय बिघडलं असतं? भावजय म्हणून नाही विचारत, माणूस म्हणून विचारते.

यांनी लिही म्हटलंय. हे पत्र चोरून नाही.

तुमची भावजय


९ ऑगस्ट

वन्सं,

कार्ड मिळालं. तुमच्या घराण्यात शाई महाग आहे का हो? मी पानंच्या पानं लिहायची आणि तुम्ही एक ओळ. 'हातमोजे नळावर राहिले होते, ते आणायला उतरले.'

मी ते यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, परत वाच. परत वाचलं. 'हातमोजे,' म्हणाले. मग शेडमध्ये जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तर हातात साखळी नव्हती, नुसते बसले होते, आणि रडत होते. लपवलंही नाही. मी जवळ बसले. नाक पुसून म्हणाले, 'तिला विचार, सापडले का?'

तर सापडले का ते कळवा.

आता माझं ऐका. मी थोरली नाही, पण आज मला थोरलेपण घेऊ द्या. तुम्ही दोघांनी मिळून बावीस वर्षं हातमोज्यांपायी घालवलीत. चूक कुणाची ते ठरवायला बसलात तर आणखी बावीस जातील, आणि तेवढी कुणाजवळ आहेत? तोडणी सप्टेंबरअखेर संपते. त्यानंतर हंगामाचा शेवटचा गट आहे, दर वर्षी येणारे म्हातारे पाहुणे, त्यांच्यातले दोघं तुम्हालाही ओळखतात. टेकडीवरचं गाव त्यांच्या वाटेत आहे. त्या गटाबरोबर हे लांबोडीवर गेले तर घर चालू राहील. नाही गेले तर तो दुकानदार पुढच्याच आठवड्यात टेम्पो घेऊन येणार आहे. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं, पण मला कालवा येतो, टेकडी नाही येत.

तुमच्यावर भार टाकतेय हे मला कळतंय. रागावलात तर घरी येऊन रागवा. मागची खोली झाडून ठेवलीय, पाहुण्यांना देत नाही.

हे शेजारी उभे आहेत. मी विचारलं, काही लिहू का तुमच्याकडून? म्हणाले, 'लिहून नको.'

तुमची भावजय


१८ ऑक्टोबर

वन्सं,

पोचल्याचा फोन आला तेव्हा यांनी रिसीव्हर सोडलाच नाही, म्हणून माझं सगळं मनात राहिलं. इतकी वर्षं न बोलणारी माणसं आता एवढी बोलतात की घरातल्या बाईला वाट बघावी लागते. चालू द्या.

तुमचा चष्मा बेसिनवर राहिला, पार्सल करते. दुकानदाराला यांनी स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं. शिट्टीला पुढच्या हंगामाचं पक्कं केलं, आणि ती कालपासून अंगणात लांबोडीवर पुढं बसायला शिकतेय. हे दारात उभं राहून ओरडतात तिच्यावर. माझ्यावर कधी इतकं ओरडले नव्हते. मला जरा हेवाच वाटला. पण वसंतात तुम्ही येईपर्यंत टेकडीवर कुणी जायचं नाही, असा हुकूम आहे.

तुम्ही पहिल्यांदा दारात उभ्या राहिलात तेव्हा मी पीठ मळत होते आणि तशाच हातांनी तुम्हाला मिठी मारली, त्या कोटावरचे डाग निघाले का? मला वाटलं होतं तुम्ही उंच, करारी वगैरे असाल. तुम्ही माझ्याएवढ्याच आहात! इतकी वर्षं मी एका बुटक्या बाईला घाबरत होते.

आता मुद्द्याचं. निघताना स्टेशनवर तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, 'त्या दिवशी टेकडीवर तू काय काय ऐकलंस गं?' मी म्हटलं, काही नाही. वन्सं, मी खोटं बोलले. राहवत नाही म्हणून सांगते.

तुम्ही दोघं वरच्या चौकातून निघालात तेव्हा मी गाडी घेऊन मागंच होते. तुम्ही पुढं, हे मागं. तुम्ही विचारलंत, 'बसलास?' आणि हे म्हणाले, 'बसलो.' सगळ्या चौकाला ऐकू गेलं. ते म्हातारे पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. मी काही टाळ्या वाजवल्या नाहीत, स्टिअरिंग धरून बसले. नियमानं मी तुमच्या पाठोपाठ उतरायचं. पण हे उतारावर काय बोलणार ते तुमचं होतं, म्हणून मी वरच थांबले. मला नाक खुपसायची किती सवय आहे ते आता तुम्हाला कळलंय, तर हा माझा त्याग लक्षात ठेवा.

बराच वेळ झाला. मला वाटलं, आता पुलापाशी पोचले असतील. निघाले. अर्ध्या उतारावर येते तर खालून तुम्ही दोघं परत चढत येताय! चालत्या माणसाच्या वेगानं, धापा टाकत. मी काच खाली करून ओरडले, 'काय झालं?' तर तुम्ही ओरडलात, 'अगं, वाऱ्यात एक अक्षर ऐकू आलं नाही मला! आणि हा म्हणतो उभं राहून नाही सांगणार!' आणि मागून हे, लालबुंद, घामाघूम, म्हणतात कसे, 'परत सांगतोय ना आता? मग चढ गुमान.'

एकदा बोललेलं परत बोलायला ज्याचं तोंड बावीस वर्षं उघडलं नाही, तो माणूस ते परत बोलायला अख्खी टेकडी चढत होता. मी गाडी मळ्याच्या भिंतीला लावली आणि इंजिन बंद केलं. तुम्हाला वाटलं, वाट द्यायला. वाट द्यायला काच खाली ठेवायची गरज नव्हती.

तुम्ही माझ्या खिडकीजवळून गेलात तेव्हा यांचं बोलणं संपत आलं असावं, कारण तुम्ही रडत होतात आणि पायडलही मारत होतात. आणि तुम्ही विचारलंत, 'हे सगळं वाटत होतं, तर तेव्हा स्टेशनवर का नाही आलास रे?'

हे म्हणाले, 'आलो होतो.'

तुमचे पाय थांबले. लांबोडी डगमगली, यांनी मागून एकट्यानं जोर लावून सावरली.

'खोटं बोलू नकोस.'

'आलो होतो. पलीकडच्या फलाटावर उभा होतो, सायकल धरून. गाडी लागलेली होती. तू खिडकीत बसली होतीस आणि सफरचंद खात होतीस. म्हटलं, खातेय, म्हणजे मजेत आहे. कशाला आता तिला मागं ओढा. म्हणून हाक मारली नाही.'

मला हे माहीत नव्हतं, वन्सं. मला यांनी विहिरीपाशी सगळं सांगितलं, पण हे नाही सांगितलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. आणि तेव्हा तुमचा आवाज आला. त्या उतारावरच्या सगळ्या मळ्यांनी तो ऐकला असेल, वर वाट बघणाऱ्या पाहुण्यांनी तर ऐकलाच, मला त्यांनी नंतर विचारलं.

'अरे गाढवा! सकाळपासून उपाशी होते रे मी! भूक लागली होती मला!'

तुमची भावजय